घारापुरीच्या आधीची जोगेश्वरी

मुंबईतल्या जोगेश्वरी पूर्वेच्या दाट वस्तीतून चालताना लेणं दिसत नाही, कारण ते जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून खडकाच्या पोटात जावं लागतं. ज्या देवीचं नाव या उपनगराला मिळालं, तिची इथे आजही पूजा होते.

युरोपातल्या गावोगावी जाड भिंतींची, अर्धगोल कमानींची रोमनेस्क चर्चं उभी राहिली ती मुख्यतः अकराव्या-बाराव्या शतकात. त्याच्या पाचशे वर्षं आधी इथल्या पाथरवटांनी दगडावर दगड न रचता, दगड काढून टाकत देऊळ घडवलं. एक खांब चुकीचा तुटला असता, तर तो पुन्हा बसवता आला नसता.

लेण्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 250 फूट. पूर्वेचं दालन, मग उघडं अंगण, मग दुसरं दार आणि तिथून मुख्य मंडप. मंडप चौरस, त्यात चौरसातच मांडलेले 20 खांब. खाली चौकोनी, वर उशीसारख्या गोल, कंगोरेदार माथ्यांचे. गाभारा मागच्या भिंतीत नाही, मधोमध आहे, चारही दिशांना दारं असलेला. शिवाला सर्व बाजूंनी सामोरं जाता यावं, हा विचार या आराखड्यातच आहे. घारापुरी बेटावरच्या लेण्यातल्या लिंगगाभाऱ्यालाही चार दारं आहेत.

लेण्यांचे अभ्यासक फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी 1880च्या ग्रंथात हे लेणं आठव्या शतकातलं मानलं होतं. पुढे कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी ते इसवी सन 520 ते 550च्या सुमाराचं, म्हणजे घारापुरीच्या आधीचं ठरवलं. मला हा क्रम पटतो: इथे करून पाहिलेलं तिकडे जास्त आत्मविश्वासाने उतरलेलं दिसतं. दोन्हींमागे शैवांचा पाशुपत पंथ होता, असं मानलं जातं. त्या पंथाचा आचार्य लकुलीश, सारीपाट खेळणारे शिवपार्वती, त्यांचा विवाह हे इथल्या शिल्पांचे विषय.

ती शिल्पं मात्र फार झिजली आहेत. खडक ठिसूळ, लेणं खोलगट, आणि वस्ती काठापर्यंत आलेली. पावसाचं पाणी आत झिरपतं. या पाण्याचा निचरा हेच इथलं पहिलं संवर्धन, बाकी सगळं नंतर.

जायचं तर पावसाळा सरल्यावर जा, सोबत टॉर्च ठेवा, पूर्वेकडून शिरून पश्चिमेला बाहेर पडा. घारापुरीची लाँच त्यानंतर धरा.