‘स्क्वीझ’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

इंग्रजीच्या पाठात ‘स्क्वीझ’ हे क्रियापद आले, की फळ्यावर त्यापुढे बहुधा ‘पिळणे’ हा एकच प्रतिशब्द लिहिला जातो. लिंबाच्या बाबतीत तो चालतो. परंतु गोष्टीत ‘मदर स्क्वीझ्ड हिज हॅण्ड’ असे वाक्य आले, म्हणजे मुले ‘आईने त्याचा हात पिळला’ असा अर्थ करतात. वस्तुतः आईने मुलाला धीर देण्यासाठी त्याचा हात मायेने घट्ट दाबलेला असतो. अपुऱ्या प्रतिशब्दामुळे मायेची शिक्षा होते. यास्तव या शब्दाचा गाभा समजून घेणे अगत्याचे आहे.

‘स्क्वीझ’ म्हणजे एखादी वस्तू दोन्ही अथवा सर्व बाजूंनी आवळून दाबणे. त्या दाबाने रस वा पाणी निघेल किंवा निघणारही नाही. पीळ देणे हा या अर्थाचा आवश्यक भाग नव्हे. ओले धोतर पीळ देऊन पिळावयाचे असल्यास इंग्रजीत ‘रिंग’ हे क्रियापद योजतात. कारखान्यातील ऊस गाळण्यास ‘क्रश’ म्हणतात. मराठीतील एका ‘पिळण्या’ला इंग्रजीत असे निरनिराळे शब्द आहेत.

उलटपक्षी, एका ‘स्क्वीझ’साठी मराठीत प्रसंगानुसार शब्द बदलावा लागतो. लिंबू पिळतात, स्पंज दाबतात, दंतमंजनाची नळी दाबून आतील लगदा बाहेर काढतात. गच्च भरलेल्या एस. टी.त माणूस अंग चोरून शिरतो, तेव्हाही ‘स्क्वीझ’च; कारण तेथे दाब सर्व बाजूंनी असतो. लाक्षणिक अर्थाने, सावकार कुळाकडून पैसे पिळून काढतो, तेथेही हाच शब्द येतो.

उच्चारात ‘वी’ दीर्घ असावा. शेवटचा वर्ण ‘जेवण’मधील ‘ज’पेक्षा ‘जहाज’मधील ‘ज’ला जवळचा आहे. भूतकाळाचे रूप ‘स्क्वीझ्ड’ असे होते.

पाठ देताना लिंबाची फोड व पाण्यात भिजविलेला बोळा वर्गात न्यावा. प्रथम बोळा मुठीत दाबून ‘स्क्वीझ’ म्हणावे, नंतर तोच पिळून ‘रिंग’ म्हणावे. मग मुलांनी शेजाऱ्याचा हात हळुवार दाबून पहिले वाक्य म्हणावे. हातांनी अनुभवलेला भेद पाठ केलेल्या प्रतिशब्दापेक्षा अधिक काळ ध्यानात राहतो.