आगोटीत हिशोबाचीही बेगमी

मे महिना लागला की आपल्याकडे आगोटीची धावपळ सुरू होते. लाकूडफाटा पडवीत येतो, मसाला कुटून होतो, सुकी मासळी, कडधान्य, मीठ भरलं जातं. भाताचं बियाणंही काढून ठेवलेलं असतं. त्यातलं सगळंच्या सगळं आपण पहिल्या पेऱ्यात घालत नाही. रोपं कुजली तर पुन्हा पेरायला थोडं मागे ठेवतो. आज मला एवढंच सांगायचं आहे की, आपल्या गटाच्या, ग्रामसंघाच्या, प्रभागसंघाच्या हिशोबाचंही असं बियाणं मागे ठेवायला हवं. संगणकाच्या भाषेत त्याला बॅकअप म्हणतात. आपण राखीव प्रत म्हणू.

महाड-पोलादपूरच्या बाईला पाऊस काय करतो हे सांगायला नको. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं. बाजारपेठेतली दुकानं, घरांचे तळमजले बुडाले. वीज गेली, मोबाइलची रेंज गेली. त्याच सुमारास तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही. त्याआधी 2005 च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांनी तेच सोसलं होतं.

गेलेल्या माणसांपुढे वह्या-कागदांची काय कथा, असं वाटेल, आणि ते खरंच आहे. पण जी माणसं मागे राहतात, त्यांना पुन्हा उभं राहायचं असतं. तेव्हा हेच कागद लागतात. कुणाची बचत किती, कुणी कर्ज किती फेडलं, बँकेचं किती बाकी. नोंद गेली, तर जिने मजुरी करून दहा हप्ते भरले तिच्याकडे पुरावा काय? ती म्हणते दहा, दुसरी म्हणते आठ. पुरातून वाचलेला गट अशा संशयाने मोडतो.

कुणी म्हणेल, “ताई, आमचं लोकोस ॲपमध्ये भरलेलं आहे.” चांगलंच आहे. पण आकड्यांमागच्या पावत्या, इतिवृत्तावरच्या सह्या, सभेचे ठराव, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी, दुकानदारांकडची उधारी हे बहुतेकदा कार्यालयातल्या वह्यांत आणि संगणकातच असतं. ते सांभाळणं आपलं काम आहे.

मी संघाच्या कार्यालयात गेले की विचारते, बॅकअप आहे का? “आहे की!” म्हणत लिपिकाताई टेबलाचा खण उघडतात आणि पेन ड्राइव्ह दाखवतात. संगणक टेबलावर, प्रत त्याच टेबलाच्या खणात. पाणी आलं तर दोन्ही एकदम भिजणार. चोर आला तर दोन्ही एकदम जाणार. घरात दोन कणग्या असल्या तरी घराला आग लागली की दोन्ही जळतात, तसंच हे.

यासाठी जगभर एक सोपा नियम पाळतात, तीन-दोन-एक. पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. फोटो हीच त्याची मिळकत, म्हणून त्याला ही काळजी. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, म्हणजे मूळ एक आणि राखीव दोन. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, उदाहरणार्थ एक संगणकात आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. आणि त्यातली निदान एक दुसऱ्या ठिकाणी असावी.

आणखी एक गोष्ट, राखीव प्रत संगणकाला कायम जोडून ठेवू नये. हे आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या एका घटनेवरून कळेल. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा संगणकातला विषाणू जगभर पसरला. मर्स्क ही जहाजवाहतुकीतली मोठी कंपनी त्यात सापडली. उरणजवळ जेएनपीटी बंदरात तिचं टर्मिनल आहे, तिथलं कामही अडकलं. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे, कुणाला आत घ्यायचं, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे मुख्य संगणक जगभर होते. प्रत्येकात दुसऱ्याची प्रत होती. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदम पुसले गेले. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! त्या एका संगणकातली माहिती माणसाने विमानातून हाती नेली आणि कंपनी पुन्हा उभी राहिली. आपण वीज गेली की बोटं मोडतो. त्यांना त्या गेलेल्या विजेने तारलं. आपण मात्र नशिबावर राहायला नको. प्रत काढली की हार्ड डिस्कची वायर काढायची आणि ती दुसरीकडे ठेवायची.

आता आपल्या संघासाठी हे ठरवायचं कसं? सभेत बसून सहा प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. तेच आपलं बॅकअपचं धोरण. एका पानात मावतं.

पहिला प्रश्न, काय जपायचं? सगळंच नाही. कार्यक्रमांचे शेकडो फोटो गेले तर हळहळ वाटेल, कर्जाची खातेवही गेली तर संघ अडेल. म्हणून आधी हिशोब, इतिवृत्त, सभासदांची यादी, बँकेचे कागद. हाताने लिहिलेल्या वहीचे दर सभेनंतर फोटो काढून संगणकात घ्या.

दुसरा, किती दिवसांचं काम पुन्हा लिहायची आपली तयारी आहे? महिन्यातून एकदा प्रत काढली, तर महिनाभराच्या नोंदी जाऊ शकतात. त्या पावत्यांवरून पुन्हा लिहिता येतील का? संघात रोज व्यवहार होत असेल तर आठवड्याला प्रत हवी. पावसाळ्यात आणि बँकेच्या हप्त्यांच्या दिवसांत त्याहून लवकर.

तिसरा, संगणक बंद पडला तर किती दिवस थांबता येईल? दोनच दिवस असतील, तर दुसरा कुठला संगणक वापरायचा हे आजच ठरवा.

चौथा, प्रत कुठे? इथे आपला मुलूख लक्षात घ्या. महाडच्या बाजारपेठेला पुराची भीती, डोंगराखालच्या वाडीला दरडीची. सावित्री महाबळेश्वरहून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते. म्हणजे शेजारचं घर ही दुसरी जागा नव्हे. खालच्या संघाची हार्ड डिस्क वरच्या सुरक्षित गावात, वरच्या संघाची महाडमध्ये वरच्या मजल्यावर, अशी अदलाबदल करता येईल. घट्ट झाकणाच्या डब्यात, वर नाव आणि तारीख लिहून ठेवा. पण 2021 सारखा दिवस आला तर दोन्ही तालुके एकदम अडकतात. म्हणून आणखी एक प्रत इंटरनेटवर, गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवा. तिथे 15 जीबी जागा फुकट मिळते, हिशोबाच्या कागदांना ती भरपूर होते. रेंज गेली की ही प्रत उघडणार नाही, तेव्हा डब्यातली कामाला येईल. दोघींची एकमेकींना जोड.

पाचवा, कोण करणार? एक बाई आणि तिच्या गैरहजेरीत दुसरी. इंटरनेटवरचं खातं संघाच्या नावाचं असावं. ते लिपिकाताईंच्या स्वतःच्या मोबाइल नंबरला जोडलेलं असेल आणि त्या लग्न होऊन परगावी गेल्या, तर ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? पासवर्ड बंद पाकिटात, अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीने, कुलपात ठेवा. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदला. आणि सभासदांचे आधार, बँक खात्याचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ती प्रत नव्हे, ती उघडी तिजोरी.

सहावा, प्रत उघडते का? बियाणं रुजतं की नाही हे आपण ओल्या फडक्यात दाणे बांधून बघतो. तसंच दर तीन महिन्यांनी राखीव प्रतीतली एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडा. एखाद्या सभासदाची बचत वहीशी जुळते का, बघा. न उघडलेल्या प्रतीवर विसंबू नका. जुनी प्रतही लगेच पुसू नका. चूक दोन महिन्यांनी लक्षात आली तर दोन महिन्यांपूर्वीचीच प्रत कामाला येते.

हा ठराव इतिवृत्तात लिहा. प्रत काढली की तारीख आणि सही, त्याच वहीत. सभेत बचतीचा आकडा वाचतो तशी हीही ओळ वाचायची: “शेवटची प्रत अमुक तारखेला, अमुक ठिकाणी ठेवली, उघडून पाहिली.”

आपल्या बचतीतला एकेक रुपया कुणाच्या तरी घामाचा आहे. तो बँकेत सुरक्षित आहे, पण तो कुणाचा हे सांगणारी नोंदही तितकीच सुरक्षित हवी. तर मैत्रिणींनो, यंदा मीठ-मसाला भराल तेव्हा पहिला पाऊस पडायच्या आत ही एक बेगमी करून ठेवा.