लपवलेले आजोळ

शाळेतून आलेली मुलगी आईला विचारते, आपण मूळचे कुठले? वर्गातल्या मुली तिला सतत हेच विचारत असतात. आई सांगते की, त्यांना सांग, आपण भारतीय आहोत. मुलगी खूश होते. वर्गातल्या मुलींचेही समाधान होते. सावळा रंग, काळे केस, भारतीय म्हटल्यावर आणखी काय विचारायचे?

ही गोष्ट १९६०च्या आसपासची, ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातली. त्या घराचा भारताशी काडीचाही संबंध नव्हता. ते कुटुंब ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींपैकी, म्हणजे ॲबोरिजिनल होते. मुलगी पंधरा वर्षांची होईपर्यंत घरात कुणी हे बोलले नाही. एक दिवस आजी रडता रडता स्वतःच्या काळ्या रंगाबद्दल काही बोलून गेली आणि नातीच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे ही नात, सॅली मॉर्गन, मोठी चित्रकार झाली. आई, आजी आणि आजीचा भाऊ यांना बोलते करून तिने ‘माय प्लेस’ हे आत्मकथन लिहिले. ते १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. आपले आजोळच आपल्यापासून लपवून ठेवले गेले होते, हे त्यानंतर अनेक घरांच्या ध्यानात आले.

आजीने लपवले का?

आजी खोटारडी नव्हती, भ्यालेली होती. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील १९०५च्या कायद्याने सोळा वर्षांखालील प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक सरकारी ‘मुख्य संरक्षक’ हा अधिकारी झाला. जन्मदात्या आईचा हक्क त्याच्यानंतर. आदिवासी स्त्रीला गोऱ्या पुरुषाशी लग्न करायचे तर त्याचीच परवानगी लागे. गोऱ्या बापाची, उजळ रंगाची मुले आईच्या कुशीतून उचलून दूरच्या वसाहतींत आणि अनाथालयांत ठेवली जात. अशा मुलांच्या चौकशीचा अहवाल १९९७ साली आला. १९१० ते १९७० या काळात दर दहा आदिवासी मुलांपैकी किमान एक, तर काही भागांत तिनांपैकी एक मूल असे नेले गेले, असा त्याचा अंदाज आहे. त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागायला १३ फेब्रुवारी २००८ हा दिवस उजाडला.

तेव्हा मुलीला ‘आपण भारतीय’ असे सांगणारी आई काय वाचवत होती, हे वेगळे सांगायला नको.

यातले सर्वांत विलक्षण पात्र म्हणजे ए. ओ. नेव्हिल. १९१५ पासून १९४० पर्यंत ते त्या राज्यातल्या आदिवासींच्या खात्याचे प्रमुख होते. दर पिढीत गोऱ्यांशी लग्ने होत गेली की काळा रंग आपोआप धुऊन निघेल, हा त्यांचा सिद्धांत. १९४७ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्यात एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे छायाचित्र आहे: आजी, मुलगी आणि नातू, रंग क्रमाने उजळत गेलेला. नेव्हिलना ते आपल्या यशाचा पुरावा वाटत होते.

या छायाचित्रातल्या नातवाच्या जागी आपण असतो तर? किम स्कॉट या लेखकाची ‘बेनांग’ (१९९९) ही कादंबरी जणू इथूनच सुरू होते. स्कॉट नूंगार या नैऋत्येकडील लोकांपैकी. कादंबरीचा नायक हार्ली याला गोऱ्या आजोबांनी हौसेने वाढवलेले असते. आजोबांचे कागदपत्र चाळताना त्याला कळते की, आपण नातू नसून प्रयोग आहोत, घराण्यातला ‘पहिला गोरा माणूस’ म्हणून घडवलेले. त्या धक्क्याने हार्ली अक्षरशः तरंगू लागतो. त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. वडीलधारे आदिवासी नातेवाईक त्याला गाडीत घालून पूर्वजांच्या गावांतून, समुद्रकिनाऱ्यांवरून फिरवतात, कुठे काय घडले ते सांगतात, आणि त्याला हळूहळू वजन येऊ लागते. ‘बेनांग’चा नूंगार भाषेतील अर्थ ‘उद्या’. ज्या सरकारी टिपणांनी त्या लोकांना पुसायचे ठरवले होते, तीच टिपणे लेखकाने जागोजागी कादंबरीत वापरली आहेत. वाचायला सोपे पुस्तक नाही. आजोबांवर सूड उगवणाऱ्या हार्लीची काही पाने तर अंगावर येतात. २००० साली या कादंबरीला माइल्स फ्रँकलिन हा तिथला मोठा पुरस्कार विभागून मिळाला. आदिवासी लेखकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

नदी ही सापाची वाट

पूर्वज म्हणजे फक्त आजी-पणजी नव्हेत. ज्यांनी भटकता भटकता डोंगर, पाणवठे आणि नद्या घडवल्या आणि जे आजही त्याच जागी वास करून आहेत, तेही ॲबोरिजिनल लोकांचे पूर्वजच. इंग्रजांनी या श्रद्धेला ‘स्वप्नकाळ’ असे नाव दिले, पण ते काही स्वप्न नव्हे आणि संपलेला काळही नव्हे. कुणाचे कुळ कांगारूचे, कुणाचे एखाद्या पक्ष्याचे. लग्नात आंब्याची वा उंबराची डहाळी देवक म्हणून पुजणाऱ्या मराठी घराला हे समजायला जड जाऊ नये.

अलेक्सिस राइट यांच्या ‘कार्पेंटारिया’ (२००६) या कादंबरीच्या आरंभीच आकाशातून उतरलेला महाकाय सर्प आपल्या अंगाने जमीन चिरत जातो आणि त्या वाटांच्या नद्या होतात. राइट या उत्तरेकडच्या आखाताजवळील वान्यी लोकांपैकी. त्यांची ही कथा पुराणात थांबत नाही. त्याच नदीकाठी एक छोटे गाव आहे, गावाबाहेर आदिवासींची वस्ती आहे आणि शेजारी खाण आली आहे. समुद्राच्या वाटा ताऱ्यांवरून ओळखणारा म्हातारा नॉर्मल फँटम आणि खाणीविरुद्ध उभा राहिलेला त्याचा मुलगा विल यांचे आपसांत पटत नाही. सर्पाची वाट खणून काढायची की नाही, हा इथे भाविकांचा हट्ट राहत नाही. पाणी कुणाचे, जमीन कुणाची, हाच प्रश्न होतो. मोठ्या प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी एका छोट्या प्रकाशनाने काढली आणि २००७चा माइल्स फ्रँकलिन पुरस्कार तिला मिळाला. २०२४ मध्ये ‘प्रेझवर्दी’साठी राइटना तो पुन्हा मिळाला.

मात्र मागणी वाढली की नकली मालही येतो. १९९४ साली वांडा कूलमॅट्री नावाच्या आदिवासी स्त्रीचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या पहिल्या पुस्तकासाठीचे बक्षीसही त्याने पटकावले. १९९७ मध्ये उघड झाले की, वांडा नावाची कुणी बाई नाहीच. लेखक लिऑन कारमेन हा गोरा टॅक्सीचालक होता! यात हसण्यासारखे आहे. पण मुद्रूरू या लेखकाची गोष्ट तशी नाही. त्यांची १९६५ची ‘वाइल्ड कॅट फॉलिंग’ ही आदिवासी लेखकाची पहिली कादंबरी मानली जात होती. १९९६ साली त्यांच्या कुटुंबाच्या वंशावळीवरून त्यांचे आदिवासी असणेच वादात सापडले. त्यांनी पुढे देश सोडला आणि बरीच वर्षे नेपाळात काढली. काळ्या रंगामुळे जगाने त्यांना आयुष्यभर आदिवासी म्हणूनच वागवले होते. रक्ताने ठरवायचे की भोगलेल्यावरून? ज्यांची कागदपत्रे सरकारनेच बिघडवून ठेवली, त्यांच्याकडे वंशावळ मागताना हात थरथरायला हवा, हेही खरे.

शब्दकोशातले घर

पिढीने तरुण असलेल्या टारा जून विंच यांनी ‘द यील्ड’ (२०१९) मध्ये वेगळी वाट धरली. अल्बर्ट हा मरणाच्या दारातला आजोबा विराजुरी या आपल्या भाषेचा शब्दकोश लिहीत बसतो, तोही उलट्या क्रमाने, शेवटच्या अक्षरांकडून पहिल्याकडे. प्रत्येक शब्दाखाली अर्थ कमी आणि आठवण जास्त: मासे कसे धरायचे, कोणत्या झाडाखाली कोण भेटले. इंग्रजी ‘यील्ड’ म्हणजे जमिनीतून काढलेले उत्पन्न. आजोबा मात्र या शब्दाशी माणसाने काय द्यायचे, हे जोडतो. तो गेल्यावर परदेशातून नात ऑगस्ट परत येते, तर घराखालची जमीन खाणीला चाललेली. इथे लोक पूर्वापार राहत होते आणि त्यांची भाषा जिवंत होती, याचा पुरावा ते हरवलेले हस्तलिखितच ठरू शकते.

हे कल्पित असले तरी निराधार नाही. स्टॅन ग्रँट सीनियर या विराजुरी वडीलधाऱ्यांच्या आजोबांना, नातवाला आपल्या भाषेत हाक मारली म्हणून पोलिसांनी कोठडीत टाकले होते. त्यानंतर आजोबा चारचौघांत ती भाषा बोलले नाहीत, पण नातवाला गुपचूप शिकवत राहिले. नातवाने म्हातारपणी जॉन रडर या भाषाशास्त्रज्ञाबरोबर विराजुरीचा शब्दकोश तयार केला. आता न्यू साउथ वेल्समधील पार्क्स गावात शाळकरी मुले विराजुरी शिकतात, तीही केवळ आदिवासी घरांतली नव्हेत. विंच यांच्या कादंबरीच्या अखेरीस अल्बर्टचा सगळा कोश छापलेला आहे.