महागडे स्पीकर : खर्च किती, श्रवणसुख किती?

घराचे हप्ते फिटले, मुलांची शिक्षणे मार्गी लागली, की संगीताची आवड असलेल्या गृहस्थाच्या मनात वर्षानुवर्षे दबून राहिलेली एक इच्छा डोके वर काढते. आपल्या दिवाणखान्यात उत्तम ध्वनियंत्रणा असावी आणि गायकाचा श्वाससुद्धा ऐकू यावा, ही ती इच्छा. मग दुकानांच्या फेऱ्या सुरू होतात. पंधरा-वीस हजारांची जोडी ऐकून झाली की विक्रेता साठ हजारांची दाखवतो, तीही आवडली की दोन लाखांची. प्रत्येक पायरीवर आवाज काहीसा निराळा वाटतो आणि ‘आणखी थोडे घातले तर?’ हा प्रश्न काही पाठ सोडत नाही.

या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. तथापि पैसा टाकल्याने आवाजात नेमके काय बदलते, कुठवर बदलते आणि कोणत्या टप्प्यानंतर तो वायफळ जातो, हे बऱ्याच निश्चितपणे सांगता येते.

फरक स्पीकरमध्येच का?

आज आपण वापरतो त्या स्पीकरची मूळ रचना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला शंकू आणि त्या शंकूने ढकललेली हवा, हे तत्त्व शंभर वर्षांनंतरही तेच आहे. ध्वनियंत्रणेतील इतर घटकांची गोष्ट वेगळी. सीडी प्लेअर, अॅम्प्लिफायर यांसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील दोष आता इतके कमी झाले आहेत, की माफक किमतीच्या चांगल्या अॅम्प्लिफायरमध्येही ते सहसा कानाला जाणवत नाहीत. स्पीकरला मात्र विजेचे रूपांतर प्रत्यक्ष हालचालीत करावे लागते आणि तिथेच खरी कसोटी लागते.

ही कसोटी किती अवघड आहे, पाहा. निरोगी तरुण माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे आवाज ऐकू येतात. संगीताच्या भाषेत ही जवळजवळ दहा सप्तके झाली. २० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे १७ मीटर असते, तर २०,००० हर्ट्झच्या लहरीची सुमारे १७ मिलिमीटर. एकाच पडद्याने ही दोन्ही टोके सांभाळणे अशक्यप्राय असल्याने खर्जासाठी मोठा वूफर, वरच्या स्वरांसाठी लहान ट्वीटर आणि दोघांत कामाची वाटणी करणारे सर्किट अशी योजना करावी लागते. ही वाटणी नीट झाली नाही, किंवा पेटीच थरथरू लागली, की आवाज बिघडतो.

आपल्या संगीतातील उदाहरण तंबोऱ्याचे. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर येतो; तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. टीव्हीतील किंवा मोबाइलमधील चिमुकला स्पीकर हा स्वर जवळजवळ काढतच नाही. तारेचे वरचे उपस्वर ऐकून मेंदू मूळ स्वराची भरपाई करतो, म्हणून तंबोरा ओळखू येतो, पण त्याचे वजन हरवते. चांगला स्पीकर घेतला की हे वजन आणि जवारीचा झणत्कार दोन्ही एकदम समोर येतात. डग्ग्याच्या बाबतीतही असेच घडते. म्हणूनच यंत्रणेत सुधारणा करायची असेल तर पहिला पैसा स्पीकरवर खर्च करणे योग्य, यात शंका नाही.

किमतीची चढण

मात्र किंमत आणि गुणवत्ता यांचे नाते सरळ रेषेतले नाही. पाच हजारांच्या संचावरून तीस-चाळीस हजारांच्या चांगल्या जोडीवर गेल्यास घरातील प्रत्येकाला फरक कळतो. तिथून लाखाच्या घरात गेल्यास लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला कळतो. तीन लाखांवरून सहा लाखांवर उडी घेतल्यास मात्र फरक ‘चांगला’ आणि ‘अधिक चांगला’ असा न राहता, अनेकदा नुसता ‘वेगळा’ एवढाच उरतो.

मोठ्या रकमेत खरोखर मिळणाऱ्या गोष्टी प्रामुख्याने दोन: अधिक खोल खर्ज आणि मोठ्या खोलीतही न चिरकता मिळणारा मोठा आवाज. दीडशे चौरस फुटांच्या खोलीत यांतील दुसरीचा उपयोग नाही आणि पहिली प्रसंगी अडचणीचीच ठरते. उरलेली रक्कम लाकडी पॉलिश, नावाचे वलय, आयातीचा खर्च आणि मधल्या साखळीचा नफा यांत विभागली जाते. देखण्या वस्तूसाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. मात्र आपण ते दिसण्यासाठी मोजत आहोत की ऐकण्यासाठी, हे स्वतःला ठाऊक असावे.

डोळे मिटून ऐकले तर?

हा भेद वाटतो तितका सोपा नाही, कारण आपण डोळ्यांनीही ऐकत असतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत स्पीकरांवर दीर्घकाळ काम केलेले फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हर्मन या कंपनीत एक प्रयोग केला. चाळीस श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवून गुण द्यायला सांगितले. एकदा स्पीकर समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून. डोळ्यांसमोर असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरघोस गुण मिळाले आणि लहान, स्वस्त संच मागे पडला. पडद्याआड हे अंतर पुष्कळ कमी झाले. शिवाय स्पीकर खोलीत कुठे ठेवला आहे याचा परिणाम पडद्याआड श्रोत्यांना स्पष्ट जाणवला. दिसत असताना मात्र त्याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले.

ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर २६८ श्रोते होते. काही कान तयार केलेले, बाकीचे सामान्य. पडद्याआड दोन्ही गटांची पसंती साधारणपणे सारखीच निघाली. याचा अर्थ ‘आपल्याला काय कळते त्यातले’ हा न्यूनगंड निराधार आहे. २००४ मध्ये त्यांनी ७० स्पीकरांची मापने आणि श्रोत्यांची पसंती यांचा मेळ घातला. समोरून तसेच बाजूंनी बाहेर पडणारा आवाज सर्व कंपनसंख्यांवर एकसमान असणे आणि खर्ज पुरेसा खोल असणे, या गुणांवरून पसंतीचा अंदाज बऱ्याच अचूकतेने बांधता येतो, असे त्यातून दिसले. हे गुण मोजता येतात. अनेक नामांकित स्पीकरांची अशी मापने आता प्रसिद्ध होतात आणि दुकानात जाण्यापूर्वी ती पाहता येतात. हर्मन स्वतः स्पीकर बनवणारी कंपनी आहे, हे लक्षात ठेवूनही या निष्कर्षांचे मोल कमी होत नाही. कारण ते कोणत्याही एका नावाची तळी उचलणारे नाहीत.

खोली : विसरलेला घटक

स्पीकर कितीही उत्तम असो, त्याचा आवाज आपल्यापर्यंत खोलीमार्फत पोहोचतो. शहरी सदनिकांत खरी अडचण येते ती इथे. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतरानुसार काही ठरावीक खर्जाचे स्वर खोलीत घुमतात. दहा फूट अंतर असेल तर सुमारे ५६ हर्ट्झचा, बारा फूट असेल तर सुमारे ४७ हर्ट्झचा. खोली दहा बाय दहा चौरस असेल तर दोन्ही बाजू एकाच स्वराला उचलून धरतात आणि डग्ग्याचा एखादा घुमारा अख्खा ठेका गिळून टाकतो. अशा खोलीत अधिक खोल खर्जाचा महागडा स्पीकर आणला तर दोष घटण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक.

त्यात चकचकीत टाइल्स, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि मोकळ्या भिंती. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. मागे धातूसारखी झणझण उमटली, तर तीच झणझण गायकाच्या आवाजावरही चढणार, हे उघड आहे. जाड पडदे, गालिचा, गादीचा दिवाण, पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी हा दोष बराच आटोक्यात येतो. खर्जाचे घुमणे मात्र पातळ गालिचाने किंवा पडद्याने शोषले जात नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढणे, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेणे आणि बसण्याची जागा मागच्या भिंतीला न चिकटवणे हे उपाय करावे लागतात. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर कानाच्या पातळीवर यावा, हा जुना नियम आजही खरा आहे. यांपैकी कशालाही पैसे पडत नाहीत. मायक्रोफोनने खोली मोजून घुमणारे स्वर खाली आणणारी सोय आता अनेक अॅम्प्लिफायरमध्ये मिळते. तीही उपयुक्त आहे.

भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खर्ज भिंती सहज ओलांडतो. रात्री दहानंतरच ज्यांना ऐकायला सवड मिळते, त्यांना लाखभराच्या स्पीकरपेक्षा चांगला हेडफोन अधिक सुख देईल.

आपण ऐकतो काय?

पुढचा प्रश्न संग्रहाचा. भारतात ग्रामोफोन कंपनीने गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण १९०२ साली केले, तेव्हा गाणे कर्ण्यात गायचे असे. विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला तो १९२५ च्या सुमारास. त्यानंतरही ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत खालचे व वरचे स्वर मर्यादितच उतरत. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांच्या जुन्या तबकड्या हेच ज्यांचे दैवत, त्यांना मध्यसप्तक स्वच्छ वाजवणारा साधा, चांगला स्पीकर पुरेसा आहे. त्याहून महाग स्पीकर गाण्याइतकीच तबकडीची खरखरही ठसठशीतपणे ऐकवील. याउलट अलीकडची शास्त्रीय ध्वनिमुद्रणे, पाश्चात्त्य वाद्यवृंद किंवा नव्या चित्रपटांचे संगीत ऐकणाऱ्याला चांगल्या स्पीकरचे पूर्ण दान पदरात पडेल.

ध्वनीच्या मूळ स्रोताची चिंता आता फारशी उरलेली नाही. १९८२ मध्ये आलेल्या सीडीच्या तोडीचा आवाज आता इंटरनेटवरूनही मिळतो. अॅपल म्युझिकने २०२१ मध्ये तो जादा शुल्काशिवाय उपलब्ध करून दिला. चांदीच्या किंवा ‘विशेष’ तारांवर हजारो रुपये घालवण्याचेही कारण नाही. घरातील अंतरासाठी पुरेशा जाडीची साधी तांब्याची तार तेच काम करते.

कानांचे वय

एक कटू सत्य नोंदवणे भाग आहे. ऐपत येते तेव्हा कान उतरणीला लागलेले असतात. वयानुसार वरच्या कंपनसंख्या ऐकू येणे कमी होत जाते आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांना १२,००० हर्ट्झच्या पलीकडचे फारसे ऐकू येत नाही. तेव्हा ‘चाळीस हजार हर्ट्झपर्यंत’ अशी जाहिरात करणाऱ्या ट्वीटरसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ. समाधानाची बाब अशी, की स्वर, शब्द आणि ठेका यांचा बहुतांश भाग त्याच्या बराच खाली असतो. खर्जाची खोली आणि मध्यसप्तकातील स्वच्छता यांतला फरक साठीतही चांगला कळतो. बोलणे अस्पष्ट वाटू लागले असेल, तर मात्र स्पीकर घेण्याआधी कान तपासून घेणे श्रेयस्कर.

निर्णय कसा घ्यावा?

प्रथम आहे तोच संच नीट मांडून, खोलीत पडदे-गालिचा घालून महिनाभर ऐकावा. संच जुना असेल तर वूफरच्या कडेचा फोम तपासावा. तो साधारण पंधरा-वीस वर्षांत विरतो आणि थोड्या खर्चात बदलून मिळतो. अनेकांची तहान एवढ्यावर भागते.

तरीही नवा घ्यायचा ठरला, तर वर्षानुवर्षे ऐकलेली तीन-चार ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत. त्यांत एक तंबोऱ्यासह गायन, एक तबलावादन आणि एखादे भाषण असावे. बोलणाऱ्याचा आवाज नैसर्गिक वाटला नाही, तर तो स्पीकर बाद समजावा. दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज समान पातळीवर आणायला सांगावे. एक डेसिबलने मोठा असलेला स्पीकरही ‘सरस’ भासतो. मोबाइलवरील ध्वनिमापक अॅप एवढ्या कामाला चालते. शक्य झाल्यास दोन दिवसांसाठी जोडी घरी मागून घ्यावी आणि कुणाला तरी अदलाबदल करायला सांगून डोळे मिटून ऐकावे. दहापैकी आठ-नऊ वेळा महाग जोडी ओळखता आली आणि तीच आवडली, तर पैसे सार्थकी लागतील. ओळखता आली नाही, तर वाचलेल्या रकमेत कितीतरी मैफलींची तिकिटे येतात.

अखेरचा हिशेब वापराचा. चांगला स्पीकर पंधरा वर्षे सहज टिकतो. दीड लाखाची जोडी रोज तासभर बसून ऐकली, तर तो खर्च दिवसाला २७-२८ रुपये पडतो, एका चहा-नाश्त्याइतका. तीच जोडी केवळ दिवाळीत आणि पाहुणे आल्यावर वाजणार असेल, तर तिच्याइतके महाग फर्निचर घरात दुसरे नसेल. तेव्हा दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी, गेल्या महिन्यात आपण दुसरे काहीही न करता, नुसते गाणे ऐकत किती तास बसलो, याची मोजदाद करावी. किती खर्च करायचा, हे पुष्कळसे त्या आकड्यावरून ठरेल.