पळताना मान ताठ नको, मोकळी हवी

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून रोज लोकलने जाणाऱ्यांसाठी आजचा भाग. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, आणि अख्खा डबा मोबाइलमध्ये मान घालून. मीही त्यातलाच, वर दिवसभर कोडिंग. म्हणजे सकाळी पळायला निघतो तेव्हा मान आदल्या दिवशीचीच अवघडलेली असते.

डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते खांद्यांच्या बरोबर वर असलं की मणके त्याचा भार पेलतात. पुढे झुकलं की तो भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. पळताना मिनिटाला दीडशेच्या वर पावलं पडतात, प्रत्येक पावलाला हादरा. म्हणून कधी कधी पाय ताजे असतात आणि मान भरून येते.

मग मान ताठ धरायची का? नाही! ताठ मानेने खांदे कानापर्यंत चढतात. ब्रॅम्बल आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी २००४ साली 'नेचर'मध्ये मांडलं होतं की माणसाचं शरीर लांब पळण्यासाठी घडलंय. त्यांचा एक पुरावा म्हणजे कवटीपासून मानेत उतरणारा मागचा पट्टा. घोड्याला, कुत्र्याला असा पट्टा असतो, चिंपांझीला नाही. त्यांच्या मते हातांचे झोकेही डोकं सावरायला मदत करतात. त्यामुळे खांदे सैल सोडा, कोपरं मागे जाऊ द्या, मुठी आवळू नका. डोकं बरंचसं आपोआप सावरतं.

आता आपल्याकडची खरी अडचण. 'नजर समोर ठेवा' हा सल्ला ट्रॅकवर पळणाऱ्यांचा. इथे उचकटलेले पेव्हर ब्लॉक, गटाराची झाकणं, मध्येच झोपलेला कुत्रा. खाली बघावंच लागतं. पण मान न वाकवता फक्त डोळे खाली न्या, दहा-पंधरा मीटर पुढचा रस्ता वाचा. फारच खराब पट्टा आला तर सरळ चाला, त्यात कमीपणा नाही.

आणि हो, डोकं डोललं म्हणून कोणी वाईट धावपटू ठरत नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकलं. त्याच स्पर्धेत एमिल झाटोपेकने डोकं वेडंवाकडं हलवत तीन सुवर्णपदकं नेली! आपल्याला फक्त ऑफिसात मान दुखायला नकोय.

एक व्यायाम: हनुवटी सरळ मागे ओढा, डबल चिन येते तशी. पाच सेकंद धरा, दहा वेळा करा. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही जमतो, समोरचा बघेल, बघू दे. मात्र दुखणं हातात उतरत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा.

मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, सुरुवातीला एक आणि दमल्यावर एक. कान खांद्याच्या पुढे कधी सरकतो ते बघा. माझा साधारण अठराव्या मिनिटाला सरकतो. तिथे मी दोन मिनिटं चालतो, हात झटकतो आणि पुन्हा पळायला लागतो.