आधी वेग उतरवा, मग गिअर टाका

होडीच्या मागच्या फळीला अडकवलेली जुनी आउटबोर्ड मोटार चालवायला सोपी वाटते. हँडल डावीकडे ढकलले की होडी उजवीकडे वळते, हँडलच्या टोकाची मूठ पिळली की वेग वाढतो आणि मोटारीच्या कडेचा दांडा सरकवला की पुढचा गिअर, न्यूट्रल किंवा रिव्हर्स पडतो. एवढे शिकायला फार वेळ लागत नाही. पण जुने यंत्र म्हणून गिअर जपून, हळूहळू टाकावा, असा सल्ला हमखास दिला जातो आणि तोच मोटारीला मारक ठरतो. जपायची ती मूठ. ती पूर्ण उतरवावी, इंजिन मंद होऊ द्यावे आणि मग दांडा न कचरता एका दमात सरकवावा.

हे का, ते पाण्याखालच्या गिअरपेटीत कळते. मोटारसायकलच्या क्लचमध्ये प्लेटा एकमेकींवर घसरत घसरत पकड घेतात, म्हणून तिथे क्लच हलकेच सोडणे योग्य. इथे घसरणारे काहीच नाही. इंजिनाकडून येणाऱ्या उभ्या दांड्याच्या टोकाचा छोटा गिअर पुढच्या आणि मागच्या अशा दोन गिअरांना सतत उलटसुलट फिरवत असतो. होडीला ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर, या दोन गिअरांच्या मधोमध एक सरकता तुकडा असतो, त्याला जाड दाते असतात. आपण गिअर टाकतो तेव्हा हे दाते फिरत्या गिअरच्या खाचांत शिरतात. शिरले की पूर्ण शिरले पाहिजेत. गिअरचा दांडा रेंगाळत सरकवला तर दात्यांच्या नुसत्या कडा एकमेकींवर आपटत राहतात. खर्रर्र आवाज येतो तो याचाच. कडा गोल झाल्या की भार पडताच गिअर सुटतो, होडीला हिसके बसतात आणि खालची पेटी उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. उलट इंजिन वेगात असताना दांडा झटक्याने टाकला तर तेच दाते तुटू शकतात. म्हणजे वेग कमी आणि हात ठाम, दोन्ही एकत्रच हवे.

याचा पुरावा मोटारीवरच सापडतो. आउटबोर्ड बनवणाऱ्या ओले एव्हिनरूडच्या 1909च्या सुमाराच्या मोटारींना न्यूट्रलच नव्हते; इंजिन सुरू होताच होडी निघायची. 1949मध्ये जॉन्सन कंपनीने 10 अश्वशक्तीच्या मोटारीला पुढे, न्यूट्रल आणि मागे असा गिअर दिला. त्यानंतरच्या बऱ्याच अमेरिकी मोटारींच्या मुठीवर ‘स्टार्ट’ आणि ‘शिफ्ट’ अशा वेगळ्या खुणा आहेत आणि ‘शिफ्ट’ची खूण खालच्या वेगाकडे आहे. सुरू करताना इंजिनाला थोडा जास्त वेग लागतो. तो उतरवल्याखेरीज गिअर टाकू नये, हे बनवणाऱ्यांनी तिथेच लिहून ठेवले आहे.

कुणी म्हणेल, समोर खडक दिसल्यावर वेग उतरण्याची वाट कोण बघणार? पण मूठ उतरवताच छोट्या होडीला पाणीच रोखू लागते, तेवढ्यात हँडल वळवता येते. भर वेगात रिव्हर्स टाकल्याने दाते तर जातातच, शिवाय मागची लाट फळीवरून आत येऊ शकते. दुसरी तक्रार अशी, की मूठ उतरवली तरी गिअर पडताना दणका बसतो. तो बहुधा मंद वेग चढा ठेवल्यामुळे. अनेक जुन्या मोटारींत मूठ पिळली की ठिणगीची वेळ आणि कार्ब्युरेटर दोन्ही एकत्र बदलतात. ही जुळणी बिघडली की इंजिन मंद चालत नाही, बंद पडते, आणि मग मालक वेगच वाढवून ठेवतो. दुरुस्त करायची ती जुळणी. इंजिन बंद असताना दांडा अडला तर मात्र ताकद लावू नये. प्लगची वायर काढून पंखा हाताने जरासा फिरवला की दाते खाचेत बसतात.

कोकणातल्या छोट्या फायबर होड्यांवरच्या आउटबोर्डलाही हेच लागू आहे, कारण त्यांच्या गिअरपेटीची रचनाही मुळात हीच असते. जुनी मोटार विकत घेणार असाल तर होडी धक्क्याला घट्ट बांधून, पुढचा गिअर टाकून वेग हळूहळू वाढवायला सांगा. गिअर सुटताना दिसला, तर खालची पेटी उघडून दाते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.