पावसाळी लागवडीसाठी तुळस, किराइताची रोपे घरातच. रायपूरमध्ये मेपासूनच तयारी आवश्यक

रायपूर : थंड प्रदेशांत औषधी व सुगंधी वनस्पतींचे बी घरात पेरले जाते ते गोठवणाऱ्या थंडीपासून बचावासाठी. छत्तीसगडच्या मैदानी भागात कारण नेमके उलट आहे. रायपूरमध्ये मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि साधारण जूनच्या मध्यास मोसमी पाऊस दाखल होतो. उघड्यावर पेरलेले तुळशीचे बारीक बी एक तर उन्हाने करपते किंवा पहिल्या जोरदार सरीत वाहून जाते. त्यामुळे रोपे सावलीत वाढवून पाऊस स्थिरावल्यावर बाहेर लावणे हिताचे ठरते.

तुळशीचे बी साधारणतः ८ ते १२ दिवसांत उगवते आणि रोपे ६ ते ७ आठवड्यांत लागवडीयोग्य होतात. जूनअखेरच्या लागवडीसाठी मेच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी करावी लागते. पेरणी लांबल्यास पाऊस ओसरण्यापूर्वी वाढीला मिळणारा काळ घटतो. कालमेघ अर्थात किराइताची रोपेही मे महिन्यातच तयार केली जातात. मात्र त्याचे ताजे बी लगेच उगवत नाही. काही महिन्यांची सुप्तावस्था संपलेले, मागील हंगामातील बी घ्यावे लागते.

पेरणीसाठी तळाला छिद्रे असलेला ट्रे आणि कोकोपीट व गांडूळखताचे मिश्रण वापरतात. बी खोल न पुरता वर केवळ पातळ थर देऊन फवाऱ्याने पाणी दिले जाते. ओलावा जास्त आणि हवा कोंडलेली असल्यास बुरशीमुळे रोपे बुंध्याशी कोलमडतात. उजेड अपुरा पडल्यास ती लांबुडकी व कमकुवत होतात. म्हणून उगवण होताच ट्रे पूर्वेकडील खिडकीत ठेवणे योग्य.

घरात वाढलेले रोप थेट उन्हात गेल्यास कोमेजते. लागवडीपूर्वी आठवडाभर ते सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवून हा अवधी रोज थोडा वाढवतात. प्रत्यक्ष लागवड ढगाळ दिवशी किंवा सायंकाळी केली जाते. स्थानिक भाषेत ‘कन्हार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचते, त्यामुळे तेथे गादीवाफे आवश्यक ठरतात. ‘भाटा’ या मुरमाड जमिनीत ओल टिकत नसल्याने शेणखत मिसळावे लागते.

सर्वच वनस्पतींना ही पद्धत मानवत नाही. कोथिंबीर व शेपू यांचे सोटमूळ स्थलांतरात दुखावते. त्यांचे बी थेट जागेवर पेरणेच योग्य.

स्थानिक हवामान व जमिनीनुसार मार्गदर्शनासाठी रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आणि त्याच्या अखत्यारीतील कृषी विज्ञान केंद्रे उपलब्ध आहेत. कडक उन्हाळा व त्यामागोमाग येणारा पाऊस, हे चक्र पूर्व विदर्भातही असल्याने तेथील परसबागांनाही हेच वेळापत्रक उपयुक्त ठरू शकते.